विस्कॉन्सिनचे ५६९ नमुने आणि बार्शीची नोंदवही

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या जिल्ह्याचा आहे.)

इंजिनिअरिंग आणि एमसीएच्या शेवटच्या वर्षाला मुलं-मुली जे प्रोजेक्ट करतात, त्यात एक विषय दरवर्षी हमखास दिसतो: मशीन लर्निंग वापरून स्तनाच्या कॅन्सरचं निदान. संगणकाला गाठींची माहिती द्यायची, कुठली गाठ साधी आणि कुठली कॅन्सरची हे त्याला शिकवायचं, आणि मग नवी गाठ दाखवून उत्तर विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा ९५ टक्क्यांच्या पुढे बरोबर येतं. बाहेरून आलेले परीक्षक खूश, मार्कही चांगले मिळतात.

ही माहिती येते कुठून? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून. तिथे डॉ. विल्यम वोलबर्ग नावाचे सर्जन होते. स्तनातल्या गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींचे त्यांनी आणि त्यांच्या गणिती सहकाऱ्यांनी संगणकावर मोजमाप घेतलं. एकूण ५६९ नमुने. त्यातले ३५७ साधे, २१२ कॅन्सरचे. प्रत्येक नमुन्यापुढे ३० आकडे. १९९५ मध्ये ही माहिती सगळ्यांना खुली झाली आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी त्याच ५६९ ओळी घोटत आले आहेत.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर कुणी पीएचडीला बसलं, तर सहज हाती लागणारी माहिती कुठली? एक डेन्मार्कच्या हर्लेव्ह हॉस्पिटलची, ९१७ पेशींचे फोटो. दुसरी ग्रीसमधली, ४,०४९ पेशींचे फोटो. तिसरी व्हेनेझुएलातल्या काराकासच्या हॉस्पिटलची, ८५८ बायकांची. सोलापूर, बार्शी, धाराशिव या यादीत कुठेच नाही.

ही गोष्ट मला खटकते. कारण गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल जगाला जे काही ठामपणे कळलं, त्यातला एक फार मोठा धडा आपल्याच मातीतून गेला आहे. तो कसा गेला, आणि त्याचं पुढे काय झालं, हे सांगण्यासाठी ही पोस्ट.

१. आधी थोडं मागे जाऊ

कॅन्सरच्या संशोधनात मराठी माणसं आज आलेली नाहीत. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. खानोलकरांचा एक हट्ट होता: कॅन्सर बघायचा तर माणसाचं राहणीमानही बघायचं. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी एक निबंध छापला. भारतातल्या सवयींमुळे होणारे कॅन्सरचे तीन नवे प्रकार त्यांनी त्यात मांडले. आंध्रकडे बायका चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरून ओढतात, त्यामुळे टाळूला होणारा कॅन्सर. खालच्या ओठात खैनी धरल्याने होणारा कॅन्सर. आणि तिसरा, कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट बांधल्याने, तिथली कातडी सतत घासल्याने होणारा कॅन्सर. पुढे नेसत्या साडीच्या गाठीखाली होणाऱ्या तशाच कॅन्सरचीही नोंद झाली.

आता विचार करा. विस्कॉन्सिन किंवा कोपनहेगनच्या फोटोंवर शिकलेल्या यंत्राला धोतराचा कॅन्सर कोण शिकवणार? तिथे धोतरच नाही.

याच खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी काम केलं. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, १९१७ चा. त्यांचा एमएस्सीचा विषय वनस्पतींचा होता, सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा. (आपल्या बार्शी भागात सीताफळाच्या बागा आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.) लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. नवरा गणितज्ञ, त्यांनी अभ्यासात साथ दिली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं तंत्र शिकायला गेल्या आणि परत येऊन मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. पद्मभूषण १९८२ चं.

जॉर्ज गाय हे नाव लक्षात ठेवा. १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका काळ्या बाईच्या शरीरातून काढलेल्या पेशी वाढवल्या गेल्या. तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. औषधं निघाली, लसी निघाल्या, कंपन्यांनी पैसा केला. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या घरच्यांना पुढची कितीतरी वर्षं याचा पत्ताही नव्हता.

म्हणजे कॅन्सरच्या जीवशास्त्रात एक प्रश्न सुरुवातीपासूनच उभा आहे. ज्याच्या शरीरातून ज्ञान आलं, त्याला त्यातलं काय मिळालं?

२. बार्शीत काय घडलं

३ मे १९८१ ला अभिनेत्री नर्गिस दत्त कॅन्सरने गेल्या. त्यांच्या स्मृतीत जी कामं उभी राहिली, त्यातलं एक आपल्या बार्शीत. १९८२ मध्ये नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं. यामागचा माणूस डॉ. बी. एम. नेने. तालुक्याच्या गावात कॅन्सर हॉस्पिटल हा त्या काळी वेडेपणाच वाटला असेल. पण कॅन्सर झाला की मुंबई, आणि मुंबई परवडत नाही म्हणून घरीच, अशी खेड्यातल्या माणसांची गत होती.

त्याच सुमाराला देशात कॅन्सरची शिस्तशीर नोंद ठेवायचं काम आकार घेत होतं. मुंबईत डॉ. जस्सावाला यांनी १९६३ मध्येच शहराची कॅन्सर नोंदवही सुरू केली होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९८१ च्या शेवटी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पण या नोंदवह्या शहरांच्या. खेड्याचं काय? देशातली बहुसंख्य माणसं राहत होती खेड्यात, आणि तिथे किती जणांना कुठला कॅन्सर होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. बार्शी तालुका आपल्या जिल्ह्याचा, आणि परांडा, भूम हे दोन शेजारच्या उस्मानाबादचे. तीन तालुके, ३४६ गावं, जवळपास चार लाख माणसं.

शहरातली नोंदवही तुलनेने सोपी. हॉस्पिटलं ठरलेली असतात, कागद असतात, तिथे जाऊन नोंद उतरवायची. खेड्यात हे चालतच नाही. माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही. मेला तर 'आजारी होता' एवढंच. 'अंगावरून जातंय' ही गोष्ट बाई नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, मग ती कागदावर कशी येणार?

म्हणून बार्शीने पद्धतच वेगळी काढली. नोंदवहीची माणसं गावोगाव फिरायची. गावातल्या माहीतगारांना भेटायची, बैठका घ्यायची, लक्षणं समजावून सांगायची. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतंय का, संबंधानंतर रक्त जातंय का, तोंडात न भरणारी जखम आहे का, कुठे गाठ आहे का. ज्यांना असं काही असेल त्यांना तपासणीला यायला तयार करायची. काही महिन्यांनी पुन्हा त्याच गावात. निदान झालेल्यांच्या घरी पुन्हा फेरी: उपचार पूर्ण केला का, आता तब्येत कशी आहे, आणि नसतील तर कधी गेल्या.

यातून दोन गोष्टी झाल्या. एक, खेड्यातल्या कॅन्सरचं खरं चित्र पहिल्यांदा दिसलं. बायकांमध्ये सगळ्यात जास्त कॅन्सर गर्भपिशवीच्या तोंडाचा. दुसरी गोष्ट कुणी ठरवूनही केली नव्हती. नुसतं फिरून, बोलून, विचारूनच बायका लवकर यायला लागल्या. आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला आणि जगण्याचं प्रमाण वाढलं. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी हे १९९५ आणि १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. म्हणजे नोंद घेण्यासाठी मारलेल्या चकरांनीच जीव वाचवले.

३. उस्मानाबादच्या १,३१,७४६ बायका

नोंदवही होती, हॉस्पिटल होतं, फिरणारी माणसं होती, गावांचा विश्वास होता. या पायावर १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास उभा राहिला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था असे तिघे मिळून. पुढारपण डॉ. आर. शंकरनारायणन यांचं.

उस्मानाबाद जिल्ह्यातले ५२ गावसमूह घेतले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका. कुठल्या समूहाला कुठली तपासणी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. पहिल्या गटात ३४,१२६ बायका, त्यांची एचपीव्ही विषाणूची डीएनए तपासणी. दुसऱ्यात ३२,०५८, त्यांची पॅप तपासणी, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिसऱ्यात ३४,०७४, त्यांना पातळ व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं; जिथे पांढरा डाग उठेल तिथे संशय. चौथ्या गटात ३१,४८८ बायका. त्यांना 'नेहमीची सेवा'. आपल्याकडे नेहमीची सेवा म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. तपासणीची सोयच नव्हती.

आठ वर्षं या बायकांचा मागोवा घेतला. एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. एचपीव्ही तपासणीच्या गटात पुढच्या टप्प्यातला कॅन्सर ३९ जणींना, बिनतपासणीच्या गटात ८२ जणींना. मृत्यू इकडे ३४, तिकडे ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. डोळ्यांनी बघायच्या दोन्ही पद्धतींनी मात्र एका फेरीत मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत.

अजून एक आकडा बघा. ज्यांचा तपासणी-निकाल 'ठीक आहे' असा आला, त्यांच्यापैकी किती जणींना पुढे कॅन्सर निघाला? पॅपमध्ये ठीक निघालेल्यांत लाखामागे १५.५. व्हिनेगरमध्ये ठीक निघालेल्यांत १६. आणि एचपीव्हीमध्ये ठीक निघालेल्यांत फक्त ३.७.

याचा अर्थ पॅप किंवा व्हिनेगर टाकाऊ असा नाही. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर झालेल्या अभ्यासात दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा व्हिनेगरची तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण पुन्हा पुन्हा यायला हवं. एकदाच हातात येणाऱ्या बाईसाठी विषाणूचा शोध घेणंच खात्रीचं, हे उस्मानाबादने दाखवलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए तपासणी ही पहिली पसंती म्हणून सांगितली. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात उस्मानाबादचा अभ्यास महत्त्वाचा आहे.

४. आता यंत्राची गोष्ट

तुम्ही म्हणाल, यात मशीन लर्निंग कुठे आलं? इथेच येतं.

डॉक्टरऐवजी यंत्राने कॅन्सर ओळखावा, हे स्वप्न चॅटजीपीटीच्या जमान्यातलं नाही. ते सत्तर वर्षांचं आहे, आणि त्याची सुरुवातच गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत 'सायटोअॅनालायझर' नावाचं यंत्र बनवलं. पॅपच्या काचा आपोआप वाचायचं ते यंत्र. ते फसलं, कारण चिकटलेल्या पेशी, कचरा, काहीही दिसलं तरी धोका म्हणून ओरडायचं. मग १९९५ मध्ये अमेरिकी सरकारने 'पॅपनेट'ला परवानगी दिली. यात आजच्या एआयसारखंच न्यूरल नेटवर्क होतं. माणसाने 'ठीक' म्हटलेल्या काचा ते पुन्हा तपासायचं. महाग पडलं, प्रयोगशाळांनी उचललं नाही, १९९९ ला कंपनीचं दिवाळं निघालं.

२०१९ मध्ये तिसरी लाट आली. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात नव्वदच्या दशकात काढलेले गर्भाशयमुखाचे फोटो संगणकाला दाखवून त्याला शिकवलं. निकाल इतके चांगले आले की जगभर बातम्या झाल्या: आता खेड्यातली नर्स मोबाइलने फोटो काढेल, यंत्र सांगेल. नंतरच्या वर्षांत त्याच संशोधकांच्या गटाने प्रामाणिकपणे अडचणीही मांडल्या. कॅमेरा बदलला की उत्तर बदलतं. एकाच बाईचे लागोपाठ दोन फोटो काढले तरी उत्तर बदलू शकतं.

असं का होतं, हे सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. चादर ओळखायला एखाद्या नवख्याला बसवा. त्याला शंभर चादरी दाखवा आणि सांगा, या टिकाऊ, या नाहीत. समजा टिकाऊ चादरी सगळ्या एकाच कारखान्याच्या आहेत. तो पोरगा वीण बघायला शिकेल का? नाही. तो कोपऱ्यातला शिक्का बघायला शिकेल. परीक्षेत शंभरपैकी शंभर. दुसऱ्या कारखान्याचा माल पुढे टाकला की गार.

कॅन्सरमध्ये हे खरोखर घडलेलं आहे. अमेरिकेत २००६ मध्ये 'कॅन्सर जीनोम अॅटलास' हा प्रकल्प सुरू झाला. ३३ प्रकारचे कॅन्सर, ११ हजारांवर रुग्ण, त्यांच्या जनुकांची आणि पेशींच्या फोटोंची प्रचंड माहिती, बरीचशी खुली. आज कॅन्सर जीवशास्त्रात मशीन लर्निंगची पीएचडी करणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी या माहितीला हात लावतो. २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की संगणक त्या फोटोंवरून नमुना कुठल्या हॉस्पिटलातून आला हे ओळखतो. प्रत्येक ठिकाणी पेशींना रंग देण्याची पद्धत थोडी वेगळी, तोच झाला शिक्का. आणि हॉस्पिटल कळलं की तिथे कुठले रुग्ण येतात त्यावरून उत्तराचा अंदाज. म्हणजे यंत्राने कॅन्सर वाचलाच नाही, पत्ता वाचला.

दुसरी अडचण जनुकांची. माणसात सुमारे २० हजार जनुकं प्रथिनं बनवतात. एका अभ्यासात रुग्ण असतात दोन-चारशे. प्रश्न २० हजार आणि उदाहरणं चारशे असली की योगायोगाने काहीही जुळतं. कुठलं तरी जनुक कुठल्या तरी आजाराशी जुळलेलं दिसणारच. ते खरं की योगायोग, हे ठरवायला वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या माणसांचे नमुने लागतात. आणि त्या अॅटलासमध्ये आपल्यासारख्या माणसांचं प्रमाण अगदी थोडं आहे.

भारतात काहीच होत नाही असं नाही. आयआयटी मुंबईचे अमित सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात पीएचडीचे विद्यार्थीही होते, २०१७ मध्ये एक फार उपयोगी काम केलं. सात अवयवांच्या ऊतींचे ३० फोटो घेऊन त्यातल्या २१ हजारांहून जास्त पेशीकेंद्रांच्या कडा आखून दिल्या. ती माहिती आज जगभर वापरतात. पण ते मूळ फोटोही अमेरिकेच्या अॅटलासमधलेच. मेहनत आपली, नमुने तिकडचे. २०२५ मध्ये आयआयटी मद्रासने 'भारत कॅन्सर जीनोम अॅटलास' खुला केला, सुरुवात स्तनाच्या कॅन्सरच्या नमुन्यांपासून. पाऊल योग्य आहे, पण सुरुवात आहे.

५. मग आपण काय समजायचं

माझ्या मते बार्शीच्या इतिहासातून तीन गोष्टी स्वच्छ दिसतात.

पहिली. यंत्राला शिकायला उत्तर लागतं. या बाईला पुढे कॅन्सर झाला का? ती पाच वर्षांनी जिवंत होती का? हे उत्तर संगणकात तयार होत नाही. कुणीतरी परांड्याच्या उन्हात चालत जाऊन, दार वाजवून, 'आक्का, कशा आहात?' असं विचारलेलं असतं. बार्शीच्या नोंदवहीने १९८७ पासून तेच केलं. या फिरणाऱ्या माणसांचं नाव कुठल्या शोधनिबंधाच्या मथळ्यात येत नाही. पण त्यांनी आणलेलं उत्तर नसेल तर मोठ्यात मोठ्या संगणकाला शिकायला काहीच उरत नाही.

दुसरी. यंत्राला काय विचारायचं हे जीवशास्त्र ठरवतं. सत्तर वर्षं सगळ्यांची धडपड होती की यंत्राचा डोळा माणसाच्या डोळ्यापेक्षा तीक्ष्ण व्हावा. दरम्यान हॅराल्ड झुर हाउझेन यांनी शोधलं की या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही विषाणू आहे. २००८ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. आणि उस्मानाबादमध्ये दिसलं की एकाच फेरीत डोळा हरतो, विषाणूचा शोध जिंकतो. जो विद्यार्थी नुसतं कोडिंग शिकून या विषयात उतरेल, तो शिक्काच वाचायला शिकवत बसेल. बॉटनीतून कॅन्सरकडे आलेल्या कमलताईंसारखी, आधी पेशी समजून घेणारी माणसं हवीत.

तिसरी गोष्ट जड आहे. चौथ्या गटातल्या त्या ६४ बायका. अभ्यासकांची बाजू अशी, की देशात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. आणि तुलनेशिवाय पुरावा उभा राहत नाही. टीका करणाऱ्यांचं म्हणणं, तपासणीने जीव वाचतो हे आधीच माहीत होतं, मग बिनतपासणीचा गट ठेवायचाच कशाला? वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत यावर कडक वाद झाला. दोन्ही बाजू मी वाचल्या. निवाडा करायची माझी लायकी नाही. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. त्या बायकांच्या मरणातून जो पुरावा उभा राहिला, तो वापरायची जबाबदारी आपली होती.

आपण तो किती वापरला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ ची. म्हणजे उस्मानाबादच्या निकालानंतर दहा वर्षांनी. देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कधीतरी एकदा झालेल्या किती? १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

जगाने आपल्याकडून धडा घेतला. आपण मात्र वर्गात गैरहजरच राहिलो.

६. सोलापूरच्या मुला-मुलींसाठी

आपल्या जिल्ह्यात आता विद्यापीठ आहे, संगणकशास्त्र शिकवणारे विभाग आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि बार्शी सत्तर किलोमीटरवर. कॅन्सर जीवशास्त्र आणि मशीन लर्निंग या विषयात पीएचडी करायला बोस्टनलाच जायला पाहिजे असं नाही. उलट जे प्रश्न इथून विचारता येतात ते तिथून सुचणारही नाहीत. निदान झाल्यावर उपचार अर्धवट कोण सोडतं आणि का? कुठल्या गावातून बायका उशिरा येतात? व्हिनेगर लावून काढलेल्या फोटोवर शिकवलेलं यंत्र आपल्या आरोग्य केंद्रातल्या उजेडात, आपल्या कॅमेऱ्यावर टिकतं का? मावा-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर पेशींच्या पातळीवर तिकडच्यापेक्षा किती वेगळा? खानोलकरांनी १९४५ मध्ये हाच धागा धरला होता.

मात्र एक गोष्ट ठणकावून सांगतो. नोंदवही म्हणजे इंटरनेटवर टाकायची एक्सेल शीट नाही. त्यातली प्रत्येक ओळ एक बाई आहे, तिचं गाव आहे, घर आहे. छोट्या गावात नाव काढून टाकलं तरी वय, वर्ष आणि आजार एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नीतीचे नियम काढले आहेत. नीती समितीची परवानगी, माणसाची संमती, आणि संशोधनाचा फायदा त्याच लोकांपर्यंत परत पोचवणं, हे त्यात आलं. हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट आपल्याकडे पुन्हा व्हायला नको. यंत्र बार्शीच्या माहितीवर शिकणार असेल, तर त्याचा पहिला उपयोग बार्शी-परांडा-भूमच्या बाईला झाला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच.

जे शिक्षक आहेत, त्यांनी प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर एक प्रश्न सक्तीचा करावा: ही माहिती कुणाची, कुठली, कुठल्या साली गोळा केलेली? विस्कॉन्सिनच्या ५६९ नमुन्यांवर सराव करायला हरकत नाही, पण त्यालाच संशोधन म्हणू नका.

जे लोकप्रतिनिधी ही पोस्ट वाचतायत, त्यांनी दोन्ही जिल्ह्यांत एचपीव्ही तपासणीची मागणी लावून धरावी. पुरावा मागायला दिल्लीला जायची गरज नाही, तो शेजारच्याच जिल्ह्यातून आलेला आहे.

आणि घरातल्यांसाठी. तिशी ओलांडलेली आई, बहीण, वहिनी, मावशी, काकू, जी असेल तिला तपासणीला घेऊन जा. त्रास नसला तरी न्या. पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर थांबूच नका. मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये आपल्या देशात बनलेली लस आणली आहे.

बार्शीच्या नोंदवहीच्या कामात, किंवा त्या मोठ्या अभ्यासात गावोगाव फिरलेलं कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा. रुग्णांची नावं लिहू नका, पण तुम्ही कसे फिरलात, लोक काय म्हणायचे, दारं कशी उघडली, ते लिहा. तो इतिहास अजून कुणी लिहून काढलेला माझ्या वाचनात नाही, आणि तो तुमच्याकडेच आहे.